हनुमान ढोका : काठमांडूच्या राजचौकाचे दर्शन

पशुपतिनाथाच्या दर्शनास जाणारे आपल्याकडील बहुतेक भाविक काठमांडूत एक-दोन दिवसच मुक्काम करतात. मुख्य दर्शन झाले की उरलेला वेळ रुद्राक्ष व शालींच्या खरेदीत जातो आणि तेथून पाच-सहा किलोमीटरवर असलेला जुना राजचौक पाहावयाचा राहून जातो. हनुमान ढोका या नावाने प्रसिद्ध असलेल्या या चौकासाठी किमान अर्धा दिवस राखून ठेवावा, अशी भाविकांना विनंती आहे. ढोका म्हणजे दरवाजा. मल्ल राजांचा वाडा आणि त्याभोवतीची देवालये मिळून हा परिसर झालेला असून काठमांडू खोऱ्यातील अन्य स्थळांसह १९७९ साली त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

प्रारंभ काष्ठमंडपापासून करावा. काठमांडू हे नगराचे नाव याच वास्तूवरून पडले. एकाच वृक्षाच्या लाकडातून हा मंडप उभारला, अशी आख्यायिका आहे. मीठ व तेल यांचा भाव एक होईल तेव्हाच त्याच्या कळसाची प्रतिष्ठा होईल, असेही तेथे सांगतात. मूळची ही वाटसरूंच्या विसाव्याची जागा, म्हणजे आपल्याकडील धर्मशाळाच. मध्यभागी मात्र साक्षात गोरक्षनाथ विराजमान आहेत. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ ही ज्ञानेश्वर माउलींची गुरुपरंपरा ज्यांना मुखोद्गत आहे, त्या वारकरी भाविकास येथे परकेपणा वाटण्याचे कारण नाही.

२५ एप्रिल २०१५ रोजी झालेल्या भूकंपात हा मंडप पूर्णपणे कोसळला. त्या वेळी आत रक्तदान शिबिर चालू होते आणि तेथे आलेल्यांपैकी काहींना प्राणास मुकावे लागले. पुढे पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले, तेव्हा पाया सातव्या शतकाइतका प्राचीन असून तो भूकंपानंतरही भक्कम असल्याचे आढळले. दोष अन्यत्र होता. संपूर्ण भार पेलणाऱ्या चार मुख्य खांबांपैकी एक खांब आपल्या बैठकीच्या दगडावर टेकलेलाच नव्हता. विसाव्या शतकातील दुरुस्तीत तो दगड फरशीखाली झाकला गेला होता. देवालयांस फरशी व संगमरवर अर्पण करू इच्छिणाऱ्या देणगीदारांनी हा तपशील अवश्य ध्यानी घ्यावा. आमच्या कार्यालयात येणाऱ्या पत्रांत फरशीसाठी देणगी देऊ करणारे पुष्कळ असतात. जोत्याची तपासणी करून घ्या, असे लिहिणारा क्वचितच.

पुनर्बांधणीचे काम ठेकेदाराकडे सोपविण्यास स्थानिक रहिवाशांनी विरोध केला. अखेर नागरिकांचा समावेश असलेल्या समितीने ते अंगावर घेतले आणि पारंपरिक पद्धतीने २०२२ साली पूर्णत्वास नेले. आज भाविक जो मंडप पाहतात, तो हा नवा मंडप होय; पाया तोच प्राचीन आहे.

जवळच १७५७ साली जयप्रकाश मल्लाने बांधलेले कुमारीगृह आहे. शाक्य कुळातील बौद्ध कन्येस येथे तलेजू देवीचे जिवंत रूप मानून हिंदू व बौद्ध उभयता पूजतात. चौकात उभे राहून वरच्या खिडकीतून दर्शन घडते, तेही योग असेल तर. कुमारीचे छायाचित्र घेण्यास सक्त मनाई आहे.

वाड्याच्या द्वारी प्रताप मल्लाने १६७२ साली स्थापिलेला हनुमान आहे. शेंदराच्या पुटांखाली त्याचा चेहरा पार लोपला आहे; गावोगावचा मारुती पाहिलेल्यांना याचे नवल वाटणार नाही. आत नासल चोक हे प्रशस्त अंगण लागते. राजे बीरेंद्र यांचा राज्याभिषेक १९७५ साली येथेच झाला. २००८ साली नेपाळातील राजेशाही संपुष्टात आली. वाडा आता वस्तुसंग्रहालय म्हणून पाहावयास मिळतो. भारतीयांना प्रवेशशुल्कात सवलत असल्याने ओळखपत्र जवळ बाळगावे.

सर्वांत शेवटी तलेजू भवानी. महेंद्र मल्लाने १५६४ च्या सुमारास उभारलेले हे उंच मंदिर मल्ल राजांच्या कुलदेवतेचे आहे. चौदाव्या शतकात मिथिलेतील सिमरौनगढचा राजा हरिसिंहदेव याच्या घराण्याबरोबर ही देवी खोऱ्यात आली, अशी परंपरा आहे. ते घराणे कर्णाट वंशाचे, मूळचे दक्षिणेकडील. म्हणून तलेजू व तुळजापूरची तुळजाभवानी यांचे नाते जोडले जाते. नामसाम्यापलीकडे ते कितपत सिद्ध होते, हा अभ्यासकांचा विषय आहे. तथापि, आईचे नाव कानी पडताच मराठी माणसाचे हात आपोआप जोडले जातात, हेही खरे.

या मंदिराचे द्वार सर्वसामान्य भाविकांसाठी वर्षातून एकच दिवस, दसैं उत्सवातील महानवमीस उघडते. एरवी ते बंद असते. दुरून आलो आहोत, देणगी देतो, आत सोडा, असा आग्रह पहारेकऱ्याकडे धरू नये. एके काळी मल्ल राजा स्वतःच या देवीचा सेवक म्हणवीत असे. बाहेरून कळसाचे दर्शन घ्यावे. आत जाण्याची ज्यांची तीव्र इच्छा असेल, त्यांनी यात्रेची तिथी नवरात्रातील नवमीस धरून निश्चित करावी व त्या दिवशी लागणाऱ्या लांब रांगेसाठी पहाटेच निघावे.