घरातील तिसरा कोन

घरातील एखादे मूल चिडखोर वा सदा आजारी असले, की सारा दोष त्याच्या माथी मारून आपण मोकळे होतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांना हा निवाडा पटला नाही. १९५४ पासून बेथेस्डा येथील संशोधन-रुग्णालयात त्यांनी रुग्णांसह त्यांच्या मातांना, पुढे काही संपूर्ण कुटुंबांनाही, राहावयास ठेवले. कुटुंब ही एकच गुंतलेली रचना आहे, असे त्यांना तेथे दिसले.

त्यांचा ‘त्रिकोण’ आम्हां सर्वांच्या ओळखीचा आहे. आईवडिलांत अबोला असतो. ‘बाबांना सांग, पान वाढले आहे,’ असा निरोप मुलाकरवी जातो. दोघांतील ताण तिसऱ्यावर उतरतो. मग मुलाचे पोट दुखू लागते, आणि त्याच्या उशाशी दोघे पुन्हा बोलू लागतात! मूल बरे झाले, की अबोला परत येतो. (पोट खरोखरच बिघडले असेल, तर डॉक्टरांकडे न्यावेच.)

कोणाचीही बाजू न घेता, पण नातेही न तोडता, आपल्या जागी स्थिर राहावे, असे बोवेन सांगतात. दहा वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा करणे आम्हांस अन्यायाचे वाटते. पान वाढल्याचे आईनेच बाबांना सांगितले, तर त्या मुलाला निदान त्या दिवशी निरोप्या व्हावे लागणार नाही.