सजगता मोजताना: काय करावे, काय टाळावे

काय करावे

• प्रत्येक अंगाचे गुण वेगळे वाचा. केंटकी विद्यापीठातील रूथ बेअर आणि सहकाऱ्यांच्या २००६ सालच्या ३९ विधानांच्या प्रश्नावलीत पाच अंगे आहेत: निरीक्षण, अनुभव शब्दांत मांडणे, भान ठेवून वागणे, मनात येईल त्याला बरे-वाईट न ठरवणे आणि त्यामागे फरफटत न जाणे.

• निरीक्षणाचे गुण भरपूर आले, तर थांबा आणि विचारा. पॅनिकचे झटके येणाऱ्या माणसाला छातीतली धडधड, घशाची कोरड क्षणात जाणवते. तो प्रामाणिकपणे ५ पैकी ५ देतो. पण ही सजगता नव्हे, भीतीची पाळत आहे. ‘जाणवल्यावर तुम्ही काय करता?’ असे विचारा. ‘नाडी बघत बसतो, मग घरच्यांना फोन करतो,’ असे उत्तर आले तर त्या पाचाचा अर्थच बदलतो. ध्यानाचा सराव नसलेल्यांमध्ये हे अंग बाकीच्या चारांशी नीट जुळत नाही, हे बेअर यांच्याच अभ्यासात दिसले होते. मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण चूक इथेच सर्वाधिक होते.

• उलटे गुण आधी सुलटे करा. ३९ पैकी १९ विधाने उलट्या बाजूची आहेत. ती तशीच मिळवली तर बेरीज निरर्थक ठरते.

• थकलेल्या रुग्णाला विधाने वाचून दाखवा, घाई करू नका. मराठी भाषांतर वापरत असाल, तर ते रुग्णांवर तपासलेले आहे ना, ते पाहा.

काय टाळावे

• झटका, उन्माद किंवा भ्रम तीव्र असताना मोजू नका.

• नैराश्यात ‘भान ठेवून वागणे’ खाली गेले, तर लगेच कौशल्य कमी म्हणू नका. एकाग्रता ढासळणे हे त्या आजाराचेच लक्षण आहे.

• या गुणांवरून निदान करू नका. औषध कमी करण्याचा निर्णय तर मुळीच घेऊ नका.

• सराव सुरू झाल्यावर गुण घसरले, म्हणून उपचार फसला असे ठरवू नका. मन किती भरकटते हे माणसाला आता कुठे दिसू लागलेले असू शकते. झोप, कामावरची हजेरी, घरातले बोलणे यांत काय फरक पडला, तेही विचारा.

• रुग्णाला बेरीज सांगून मोकळे होऊ नका. स्वतःला आधीच नालायक समजणारा माणूस तो आकडा नापासाचा शेरा म्हणून घरी नेतो. त्याच्याजवळ बसून त्याची दोन-तीन उत्तरे त्याच्याबरोबर वाचा.