मोटरबोटीच्या मागच्या ड्राइव्हची दुरुस्ती आणि गिअर रेशोची निवड

भिवापूरचे नाव घेतले की प्रथम मिरची आठवते. परंतु या गावापासून जवळच वैनगंगा नदीवरील गोसीखुर्द धरणाचा मोठा जलाशय आहे. या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. जेथे मोठे पाणी येते तेथे होड्या येतात, होडीबरोबर इंजिन येते आणि इंजिनाबरोबर मिस्त्रीची गरज निर्माण होते. ट्रॅक्टर आणि जीपचे क्राउन-पिनियन बसविणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंना या नव्या कामाचे अर्धे ज्ञान आधीपासूनच आहे. उरलेले अर्धे काय, ते या लेखात पाहू.

रचना कशी असते?

या प्रकारात इंजिन बोटीच्या आत मागच्या बाजूला असते आणि गिअरचा डबा व पंखा बोटीच्या मागच्या फळीबाहेर लटकतो. यालाच स्टर्नड्राइव्ह म्हणतात. स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने १९५९ साली असा ड्राइव्ह बाजारात आणला. इंजिनाची ताकद जीपच्या क्रॉससारख्या जॉइंटमधून वरच्या डब्यात येते. तेथून ती उभ्या शाफ्टने खाली उतरते आणि खालच्या पिनियनमार्फत पंख्याच्या शाफ्टला मिळते. बाहेर टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा खालचा डबाही जवळजवळ असाच असतो.

जॉइंटवर रबरी बेलो असतो. तो पाण्याच्या पातळीखाली राहतो. तो फाटला तर पाणी थेट बोटीत शिरते आणि उभी बोटसुद्धा बुडू शकते. म्हणून ड्राइव्ह उतरविला की बेलो बोटांनी ताणून, त्याच्या घड्या उघडून पाहावा. चीर दिसल्यास तो बदलावाच. येथे केलेली काटकसर कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

आधी कारण, मग सुटे भाग

जलाशयात बुडालेली झाडे व खडक असतात. पंखा त्यांवर आदळला की दाते तुटतात. परंतु प्रत्येक तुटलेला दाता धडकेनेच तुटतो असे नाही. तपासणी पुढील क्रमाने करावी.

१. खालचा बोल्ट काढून तेल एका स्वच्छ भांड्यात घ्यावे. तेल दुधासारखे पांढरट असेल तर आत पाणी गेले आहे. बोल्टच्या चुंबकावर बारीक लोखंडी लगदा थोडा असतोच. मात्र तुकडे सापडले तर डबा उघडणे भाग आहे.

२. तुटलेला दाता पाहावा. तुटलेली जागा ताजी व दाणेदार असेल तर धडक, तांबूस गंज व खड्डे असतील तर पाणी, निळसर झाक असेल तर तेल कमी पडून आलेली उष्णता, असे समजावे.

३. पंखा काढून त्यामागे पाहावे. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा तेथे गुंडाळला जातो व ऑइल सील कापतो. पाणी शिरण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

४. पंख्याचा शाफ्ट डायल गेजवर फिरवून पाहावा. वाकलेल्या शाफ्टवर नवे सील टिकत नाही.

५. डब्याला तडा आहे का ते पाहावे. पंख्याखालचे पाते तुटले असेल तर आर्गॉन वेल्डिंगने जोडता येते. बेअरिंगच्या बैठकीजवळचा तडा मात्र वेल्डिंग करू नये, कारण उष्णतेने बैठक वाकडी होते. तेथे डबाच बदलावा.

जोडणी

पिनियन व त्याला लागणारे गिअर जोडीनेच बदलावेत. एक जुना व एक नवा ठेवला तर दोन्ही लवकर जातात. पिनियनची उंची व दात्यांमधला प्ले शिम घालून कंपनीने दिलेल्या मापात आणावा आणि दात्यांना रंग लावून ठसा तपासावा. बंद केलेला डबा हवेने तपासावा. सुरुवात ५ पाउंड दाबाने करून दाब १५ पाउंडांच्या आत ठेवावा आणि साबणाच्या पाण्याने गळती शोधावी. तेल नेहमी खालच्या भोकातून भरावे व ते वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत थांबावे. त्यामुळे आतली हवा निघून जाते. गंज स्वतःवर घेणारी धातूची वडी, म्हणजे अ‍ॅनोड, गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमची, तर समुद्रासाठी जस्ताची असावी.

गिअर रेशो

खरी फसगत येथे होते. ड्राइव्ह फुटला की ग्राहक स्वस्तातला जुना ड्राइव्ह आणतो. तो बाहेरून तंतोतंत बसतोही. पण आतला रेशो वेगळा असू शकतो. इंजिनाचे किती फेरे झाल्यावर पंख्याचा एक फेरा होतो, तो आकडा म्हणजे रेशो. ड्राइव्ह पुढच्या गिअरमध्ये टाकून पंखा हाताने १० फेरे फिरवावा. वरचा शाफ्ट १५ वेळा फिरला तर रेशो १.५, आणि २० वेळा फिरला तर २. साधारणपणे आठ सिलिंडरच्या ताकदवान इंजिनाला १.५ च्या आसपास आणि चार सिलिंडरच्या लहान इंजिनाला २ च्या आसपास रेशो असतो.

उदाहरण घेऊ. लहान इंजिन मिनिटाला ४४०० फेरे करते आणि रेशो २ आहे. पंखा २२०० फेरे करील. पंख्याचा पिच १५ इंच असेल, तर हिशेबाने वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर येतो. पाण्यात पंखा घसरतो. ही घसरण २० टक्के धरली तर प्रत्यक्षात ४० किलोमीटर मिळतील. आता याच इंजिनाला १.५ चा ड्राइव्ह लावला, तर ४४०० फेऱ्यांना पंखा २९३३ वेळा फिरायला हवा. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे येथे सव्वादोन पटींहून अधिक ताकद लागेल. ती इंजिनात नाही. भरलेली ट्रॉली टॉप गिअरमध्ये ओढावी तसे इंजिन दबते, तापते आणि लवकर खराब होते. उलट मोठ्या इंजिनाला २ चा ड्राइव्ह लावला, तर इंजिन मर्यादेबाहेर पळते.

चाचणी सोपी आहे. नेहमीइतके वजन ठेवून पूर्ण थ्रॉटल द्यावा. इंजिनाचे फेरे कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत यावेत. थोडा फरक असेल तर गिअर उघडू नयेत, पंखा बदलावा. पिच १ इंच कमी केला की फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. ४०० फेरे कमी पडत असतील तर २ इंच कमी पिचचा पंखा पुरतो. फरक त्याहून फार मोठा असेल तरच योग्य रेशोचे गिअर बसवावेत.

व्यवहाराच्या दोन गोष्टी

काम घेताना बिघाडाचे कारण व मोजलेला रेशो पावतीवर लिहून द्यावा आणि काढलेले भाग ग्राहकाला परत दाखवावेत. चाचणीच्या वेळी बोटीत प्रवासी घेऊ नयेत. वजनासाठी वाळूची पोती ठेवावीत आणि स्वतः लाइफ जॅकेट घालावे. रस्त्यावर गाडी बंद पडली तर माणूस उतरून चालू लागतो, पाण्यावर ती सोय नसते. हे ध्यानात ठेवून काम करणाऱ्या मिस्त्रीकडे बोटवाले लांबूनही येतील.