शाळेतले कपाट

गावात शाळा आहे. शाळेत कपाट आहे. कपाटात पुस्तके आहेत. आणि कपाटाला कुलूप आहे.

कुलूप का? गुरुजी म्हणतील, "पुस्तक फाटले, हरवले, तर भरून कोण देणार?" त्यांचेही खोटे नाही. हिशेब त्यांच्या अंगावर असतो. पण वाळवी काही किल्ली मागत नाही.

पुस्तके बाहेर निघाली तर काय होते, त्याची एक खरी हकीकत ऐका. बडोद्याला सयाजीराव महाराजांचे राज्य होते. १९०६ साली त्यांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुले वाचू लागली. पण शाळा सुटल्यावर वाचायचे काय? वाचायला नसले की शिकलेले अक्षर विसरते. म्हणून १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. गावोगाव वाचनालये निघाली. शिवाय लाकडी पेट्यांत पुस्तके भरून खेड्यांत पाठवू लागले.

आपल्याकडे तर कपाट गावातच आहे! मग गुरुजींनी काय करावे?

गोष्टीचे पुस्तक मोठ्याने वाचावे. सिंह विहिरीत डोकावला, की थांबावे. पुस्तक मिटून टेबलावर ठेवावे. पुढचे सांगू नये. मधल्या सुट्टीत पाहा, टेबलाभोवती गर्दी होते की नाही!

शेतीचे पुस्तक असेल तर आणखी बरे. रब्बीचा जोंधळा सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरावा, असे पुस्तकात असते. मुलांना सांगावे, घरी जाऊन आज्याला विचारा. आजा म्हणतो, "हस्ताच्या पावसावर पेरायचा." दोन्ही वहीत लिहावे. मग पंचांग उघडावे. हस्त कधी निघतो? सप्टेंबरच्या शेवटी. ताळा पडला! हा धडा आम्हांला फार आवडतो. यात आजाही शाळेत येतो.

कोणी कोणते पुस्तक नेले, ते मुलांनीच वहीत लिहावे. फाटले तर खळ लावून चिकटवावे. कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असतो. तो मुलांच्या हाती देऊ नये.

आता तुमचे. तुम्ही नुकतेच वाचायला शिकलात. बडोद्याच्या मुलांसारखे तुमचेही अक्षर विसरेल. तेव्हा चार जण मिळून गुरुजींकडे जा. म्हणा, "गुरुजी, शनिवारी शाळा सुटली की तासभर कपाट उघडे ठेवा. वही राखायला आम्ही बसतो."