निद्रेतून जागा झालेला संगणक आणि न जागणारी उपकरणे

निवासी शाळेतील विद्यार्थ्याच्या घरी बहुधा संगणक नसतो; संगणक कक्षात मिळणारा तास हाच त्याचा संगणक. शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धा भरून तो जेवणास जातो. परतल्यावर पडदा उजळतो, परंतु माऊस हलत नाही, स्कॅनर ओळखला जात नाही. अशा वेळी ‘यंत्र बिघडले’ असे म्हणून नवे उपकरण मागविण्याची रीत आम्हांस मान्य नाही. कारणावाचून कार्य नाही, हा तथागतांचा धडा संगणक कक्षातही लागू पडतो.

‘स्लीप’ अवस्थेत चालू काम रॅममध्ये राखले जाते आणि इतर बहुतेक भागांची वीज कमी वा बंद होते. यूएसबी वाहिनीवर ३ मिलिसेकंद काहीच हालचाल न झाल्यास उपकरणाने निद्रित व्हावे, असा नियम आहे. जागे करताना संगणक किमान २० मिलिसेकंद जागृतीचा संकेत देतो. दरम्यान पोर्टची वीज पूर्ण तुटली असेल तर उपकरण आपला पत्ताही विसरते व त्याची ओळख नव्याने करून घ्यावी लागते. ड्रायव्हर म्हणजे या दोघांमधील दुभाषा. तो जुन्याच ओळखीवर अडून राहिला की संवाद तुटतो. वस्तुतः दोघेही धडधाकट असतात!

म्हणून प्रथम उपकरण काढून पुन्हा लावावे. चालले, तर दोष बहुधा जागृतीच्या क्षणाचा. न चालल्यास दुसरे पोर्ट, मग दुसरा संगणक. तेथेही मुके राहिले तरच उपकरणावर संशय घ्यावा. मध्ये हब असल्यास तो वगळून पाहावे.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘यूएसबी रूट हब’च्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट पाहावे. वीज वाचविण्यासाठी उपकरण बंद करण्याची जी मुभा तेथे संगणकास दिलेली असते, तिची खूण काढावी. काही नव्या संगणकांवर हा भाग दिसत नाही. पॉवर ऑप्शन्समधील ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ही बंद करून पाहावे, लॅपटॉपची बॅटरी थोडी लवकर उतरेल, इतकेच. बिघाड एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने पूर्वीचा ड्रायव्हर आणावा. एका वेळी एकच बदल करून तो कक्षाच्या वहीत लिहावा. एकदम चार बदल केले तर गुण कशाने आला ते कळत नाही.

‘बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच’ ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असल्यास शट डाऊन करतानाही प्रणालीच्या गाभ्याची व ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते व पुढच्या वेळी तीच परत येते. त्याकरिता ‘रीस्टार्ट’च निवडावे.

पेनड्राइव्हविषयी मात्र अधिक सावध असावे. त्यावर फाइल लिहिली जात असता संगणक झोपला आणि कोणी पेनड्राइव्ह उपटला, तर वर्षभराचा प्रकल्प खराब होऊ शकतो. कक्ष सोडण्यापूर्वी फाइल जतन करून ‘इजेक्ट’ करावे आणि मगच पेनड्राइव्ह काढावा.