पिटमध्ये पडलीस तर

अगं, काल फोनवर किती दबक्या आवाजात म्हणालीस, "ताई, मला डेथ मेटल आवडतं." जणू घरातलं काही चोरलंस. तेव्हा हसायला नाही आलं गं मला. माझंच एक जुनं दुखणं वर आलं.

१७ मार्च २००७. इथे बेंगळुरूत पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन आले होते. नोकरी नवी होती, मी पीजीत राहायचे, मैत्रिणीने माझंही तिकीट काढलेलं. 'मुलीच्या जातीनं अशा गर्दीत जाऊ नये' असं घरचं कुणी म्हणालंही नव्हतं. मीच ते मनात म्हणून टाकलं आणि खोलीवर बसून राहिले. तो कार्यक्रम मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या पोरांच्या बसलेल्या घशांतून ऐकला.

तू असं करू नकोस. आणि बाहेरच्या मोठ्या नावांची वाटही बघत बसू नकोस. ते एका रात्रीपुरते येतात. या शहराचे स्वतःचे बँड आहेत, ते धर. क्रिप्टॉस १९९८ पासून वाजवतायत, २०१३ मध्ये जर्मनीच्या वाकन महोत्सवात वाजवून आले. त्यांचा 'द कॉइल्स ऑफ अपोलियन' (२०१२) आधी ऐक. दोन गिटारी एकमेकींचा हात धरून पळतात, तिथे कान दे. मग बेवर सी. नाव इंग्रजी दिसतं, पण ती कन्नड शिवी आहे, आपल्या 'बेवारशी'चंच भावंड. त्यांचा त्याच नावाचा २०१२ चा अल्बम संथ, जड, लांबलचक गाण्यांचा. मी तो रात्री दिवे घालवून ऐकते. डायिंग एम्ब्रेस त्यांच्याहून जुने, नव्वदीतले. त्यांचं 'सेरेनेड्स ऑफ डिप्रॅव्हिटी' घाईत ऐकायचं नाही. ग्रॉस्टीचं ग्राइंडकोर मात्र डोळा मिटायच्या आत संपतं. हार्डकोर हवं असेल तर मुंबईचे स्क्राइब, 'मार्क ऑफ तेजा' (२०१०). पुढचं तूच शोधशील.

आता पिटचं, म्हणजे स्टेजसमोर एकमेकांना धक्के देत नाचणाऱ्या गर्दीचं. लांबून ती मारामारी दिसते, पण तिचे नियम पक्के आहेत. कुणी पडलं की आजूबाजूचे थांबतात, काखेत हात घालून उठवतात. पहिल्यांदा मी पडले तेव्हा चार अनोळखी हातांनी मला उभं केलं, आणि पाचव्याने माझा चष्मा डोक्यावर उंच धरला होता. तूही तसंच करायचं. केस घट्ट बांध, बूट घाल, कानात लोंबतं काही नको. दम लागला तर कडेला ये, त्यात कमीपणा नाही. बायका तिथे अजून थोड्याच असतात. कुणी मुद्दाम अंगचटीला आलं तर गप्प राहू नकोस, तिथल्या तिथे ओरडून सांग. मी एकदा गप्प राहिले होते. ते अजून सलतं.

आणि कान सांभाळ. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, पण पुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० ला उरतात १५ मिनिटं. कार्यक्रम तर दोन-तीन तासांचा! इअरप्लग घातले की गाणं कमी होत नाही, उलट बास आणि ड्रम वेगळे कळतात.

निघताना बँडच्या टेबलावरून सीडी नाहीतर टी-शर्ट घे. ही पोरं दिवसा नोकऱ्या करून रात्री सराव करतात, रेकॉर्डिंगचा खर्च स्वतःच्या खिशातून. तुझ्या पाचशे रुपयांना तिथे खरंच किंमत आहे.

राहता राहिली मावशी. तिला 'महाराष्ट्र मंडळात कार्यक्रम आहे' असं काही सांगू नकोस. कुठे जातेस, काय ऐकतेस ते सरळ सांग आणि एखादं गाणं तिच्यासमोर लाव, क्रिप्टॉसचंच लाव. चिडली तर फोन माझ्याकडे दे. शनिवारी कार्यक्रमाला जायचंय, सातला तयार राहा, मी न्यायला येते.