सिस्टर येत का नाहीत?

"सलाईन संपत आले, दोनदा सांगितले, तरी सिस्टर येईनात!" नातेवाइकांची ही तक्रार नेहमीची. कधी ती खरीही असते. पण पुष्कळदा उशिराचे कारण पलीकडच्या खाटेवर असते.

वॉर्डात खाटा किती हे ठरलेले असते. काम किती पडेल हे मात्र ठरलेले नसते. समजा, पावसाळ्यातील रात्र आहे. दोन सिस्टर ड्यूटीवर आहेत आणि सर्पदंश झालेला शेतकरी येतो. त्याचे २ मिलिलिटर रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि गोठते का ते पाहायचे. गोठले नाही तर डॉक्टर सर्पविषावरील लस सांगतात. सुरुवातीलाच साधारण १० कुप्या लागतात. लसीची रिअॅक्शन येऊन धाप लागू शकते, रक्तदाब घसरू शकतो. म्हणून एका सिस्टरला तिथून हलता येत नाही.

त्याच वेळी नुकत्याच बाळंत झालेल्या बाईची नाडी, रक्तदाब आणि रक्तस्राव पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी पाहायचा असतो. ती एक फेरी चुकली, तर वाढलेला रक्तस्राव उशिरा कळतो. खरा धोका इथे आहे, संपत आलेल्या सलाईनमध्ये नव्हे.

आपला तालुका महामार्गांवरचा. १३ जानेवारी २०२३ रोजी पहाटे पाथरे गावाजवळ साईभक्तांच्या बसची ट्रकशी टक्कर होऊन १० जण दगावले. अशा अपघातातील जखमी एकदम येतात. आधी दाखल असलेल्यांची औषधे, ड्रेसिंग मागे पडतात.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला, की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. पण निकष सरासरीवर चालतो, रात्र सरासरीवर चालत नाही. अडीअडचणीला बोलावता येईल अशी एक जादा परिचारिका हवीच, आणि ती व्यवस्था करणे हे प्रशासनाचे काम आहे, सिस्टरचे नव्हे.

नातेवाइकांनी काय करावे? धाप, छातीत दुखणे, ग्लानी, लस चालू असताना अंगाला खाज, बाळंतिणीचे कापड भराभर भिजणे, यांपैकी काहीही दिसले तर संकोच न करता हाक मारावी. चादर बदलणे थांबू शकते. सलाईन संपत आल्याचे एकदा सांगून ठेवावे, पण नळीवरची चाकी स्वतः फिरवू नये. त्यात औषध घातलेले असले तर ते भलत्याच वेगाने अंगात जाते.